टीबी आणि शुगर एकत्र असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रयोगशाळेतून

घरात कुणाला टीबी निघाला आणि त्यातच शुगरही असली, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. हल्ली मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "या दोन्ही आजारांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो म्हणे, मग अँटिऑक्सिडंट चालू करू का?" (ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनपासून बनलेल्या जहाल रेणूंचा शरीरावर पडणारा ताण, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे त्या रेणूंना शमवणारे पदार्थ.) प्रश्न विचारणारे लोक हौसेने विचारत नाहीत. महिन्याला दोन-तीन हजारांच्या कॅप्सूल आणून झालेल्या असतात आणि त्याच घरात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या परवडत नाहीत म्हणून शुगर तपासलेली नसते. ते बघून जीव तुटतो, म्हणून हा धागा.

मी वैद्यकीय महाविद्यालयात बायोकेमिस्ट्री शिकवते. रुग्ण तपासत नाही. त्यामुळे कुणाला किती गोळी द्यायची हे इथे विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या रुग्णांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस खरोखर वाढलेला असतो, त्यात बनाव काही नाही. पण तो उतरवायचा रस्ता टीबीची गोळी, शुगरवर ताबा आणि पोटभर चांगलं जेवण यांतून जातो. महागड्या कॅप्सूलने तो उतरतो आणि रुग्ण लवकर बरा होतो, असं अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

आता कारण. टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात गेला की मॅक्रोफेज नावाची पेशी त्याला गिळते आणि त्याच्यावर सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे ऑक्सिजनपासून बनलेले जहाल रेणू सोडते. हे काम एनएडीपीएच ऑक्सिडेज या एन्झाइमचं. ज्या मुलांत ते जन्मतःच निकामी असतं त्यांना एकामागून एक जंतुसंसर्ग होत राहतात, टीबीही होतो, आणि काहींना तर बीसीजीची लससुद्धा बाधते. म्हणजे हे ऑक्सिडेशन आपलं शस्त्र आहे, ते सरसकट वाईट नाही.

जंतूही कच्च्या गुरूचा चेला नाही. आपल्या पेशी ग्लुटाथायोन वापरून स्वतःला वाचवतात, तो त्याऐवजी मायकोथायॉल वापरतो. शिवाय त्याच्याकडे कॅट-जी नावाचं एन्झाइम असतं, जे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून निरुपद्रवी करतं. मला या सगळ्या विषयात सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट इथेच आहे. टीबीवर आपण देतो ती आयसोनियाझिडची गोळी मुळात निष्क्रिय असते. तिला जंतूच्या आत जाऊन जागं करणारं एन्झाइम म्हणजे हेच कॅट-जी. १९९२ मध्ये हे उलगडलं. आयसोनियाझिडला न जुमानणारे बरेच जंतू या कॅट-जीच्या जनुकातच बदल करून बसलेले असतात.

आता यात साखर आली की काय होतं? रक्तात साखर सतत जास्त राहिली की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड गळायला लागतो. मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मधुमेहाच्या बहुतेक गुंतागुंतींचं मूळ या एका गोष्टीत आहे अशी मांडणी केली. जास्तीच्या साखरेतली काही सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलण्याच्या वाटेला लागते आणि त्या वाटेवर एनएडीपीएच, म्हणजे पेशीची अशा कामांसाठीची रासायनिक शिल्लक, खर्ची पडतं. हेच एनएडीपीएच ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करायला लागतं आणि हेच जंतूवर सोडायचे रेणू बनवायलाही लागतं. तिजोरी एकच, आणि ती साखरेने रिकामी केलेली.

म्हणून मधुमेह असलेल्या टीबी रुग्णात उलटंच चित्र दिसतं. गरज नसताना ऑक्सिडेशन चालू राहतं आणि जंतू समोर आल्यावर मारा कमी पडतो. शेतातलं तण जाळायला लावलेली आग बांध ओलांडून उभ्या पिकात शिरावी आणि तण मात्र हिरवंच राहावं, तसं. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत जंतूची खबर लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचायलाच उशीर होतो असं दिसलं आहे. तेवढ्यात जंतूंची संख्या वाढलेली असते.

हे मोजतात कसं, तेही सांगते, कारण रिपोर्टवर हा आकडा छापून रुग्णांना घाबरवण्याचे प्रकार माझ्या पाहण्यात आहेत. पेशीच्या आवरणातली चरबी ऑक्सिडेशनने फुटली की मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं. नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. थोड्या वेळाने नळीत गुलाबी छटा चढते आणि ती ५३२ नॅनोमीटरला मोजायची. निरोगी माणसाच्या नळीत रंग जेमतेम कळतो, टीबी रुग्णाची नळी शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांनाही जाणवू शकतो. पण रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, नमुना बराच वेळ बाहेर राहिला, तरी आकडा हलतो. शिवाय त्या आम्लाबरोबर इतर पदार्थही रंग देतात. गटागटांची तुलना करायला, संशोधनाला ही चाचणी ठीक. एकट्या रुग्णाचा औषधोपचार या आकड्यावर ठरवू नये, आणि त्यासाठी पैसेही खर्चू नयेत.

गोदाकाठ

धागा अगदी वेळेवर आला. सासऱ्यांना, वय ६२, फुप्फुसाचा टीबी निघाला आहे. शुगर दहा वर्षांपासून आहे, पण ग्लिमेपिराइडवर छान ताब्यात होती. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत उपाशीपोटी शुगर २४०, जेवणानंतर ३०० च्या पुढे. पथ्य तेच, जेवण उलट कमीच झालंय. ते म्हणतात या लाल गोळ्यांनीच शुगर वाढली, मी त्या बंद करणार. लघवी लाल होते तेही त्यांना खटकतं. दीर रोज एक नवीन कॅप्सूल घेऊन येतात. ताई, सासऱ्यांना मी काय समजावू?

प्रयोगशाळेतून

@गोदाकाठ, गोळ्या बंद करू देऊ नका, ही पहिली गोष्ट. मध्येच सोडल्या तर औषधाला दाद न देणारा टीबी होण्याची भीती असते आणि तो सांभाळणं फार कठीण.

सासऱ्यांचं निरीक्षण मात्र खोटं नाही, हे त्यांना आधी सांगा. माणूस ऐकला गेला की निम्मं भांडण मिटतं. टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन असतं, लघवीचा रंगही त्याचाच, आणि तो रंग निरुपद्रवी आहे. रिफाम्पिसिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना कामाला जुंपतं. त्यामुळे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात आणि जुना डोस पुरेनासा होतो. हा परिणाम एक-दोन आठवड्यांत चढतो, तुमच्या हिशोबाशी जुळतंय. ग्लिप्टिन गटातल्या शुगरच्या काही गोळ्याही अशाच कमी पडतात. मेटफॉर्मिन यकृतात मोडलं जात नाही, त्यामुळे त्याची ही अडचण नसते. शुगर फार वर असेल, वजन उतरत असेल तर डॉक्टर काही काळ इन्सुलिन देतात. "इन्सुलिन लागलं म्हणजे आता संपलं" असा समज घरात असेल तर तोही काढून टाका. टीबी आटोक्यात आल्यावर ते अनेकांचं सुटतं.

आणि टीबीचा संसर्ग स्वतःच शुगर वाढवतो. ताप, दाह, शरीरावरचा ताण, सगळ्यात इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो.

एसटीएस_विदर्भ

मी टीबी विभागात आहे, फिल्डवर असते. ताईंनी शेवटी जे लिहिलं त्याला पुस्ती जोडते.

आमच्याकडे नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णाची शुगर आणि एचआयव्ही तपासायची असते. उलट बाजूने, शुगरच्या दवाखान्यात येणाऱ्याला खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम याबद्दल विचारायचं असतं. दोन्हीकडून तपासणी हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या आराखड्यात आहे, आपल्याकडे राष्ट्रीय आराखडा २०१७ मध्ये आला. कागद चांगला आहे. पण खासगीत अजूनही कित्येक शुगरवाले महिना-दोन महिने खोकल्याच्या बाटल्या पीत बसतात. थुंकी तपासायला कुणी सांगतच नाही. आता थुंकीतला टीबीचा जंतू ओळखणारं ट्रूनॅट मशीन तालुक्यापर्यंत आलंय, आपल्या गोव्यात बनतं ते, काही तासांत निकाल मिळतो. शुगर असणाऱ्याला टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, तेव्हा थुंकी द्यायला लाजू नका.

पुष्कळांना शुगर आहे हे टीबीच्या निमित्तानेच कळतं. त्यातल्या काहींची दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासली की नॉर्मल येते. म्हणून पहिल्या एका आकड्यावर आयुष्यभराचा शिक्का मारू नये, पुन्हा तपासावी. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, तिच्यावर पण डोळे झाकून जाऊ नका, आमच्या रुग्णांत रक्त कमी असतंच आणि त्याने तो आकडा चुकतो.

पण मला खरं बोलायचंय ते जेवणाबद्दल.

एका बाईंकडे गेले होते. टीबीवाल्या डॉक्टरांनी सांगितलं भरपूर खा, शुगरवाल्या डॉक्टरांनी सांगितलं भात बंद, केळी बंद, गोड बंद, वजन कमी करा. दोघांनी एकमेकांचा कागद पाहिला नव्हता. बाईंनी आपल्या परीने मेळ घातला. अर्धी ज्वारीची भाकर, कारल्याची भाजी, आणि सकाळी मेथीदाण्याचं पाणी. दोन्ही वेळेला तेच. वजन ३८ किलो. पोषण किटमधले गूळ-शेंगदाणे नातवंडांना वाटून टाकलेले, "मला शुगर आहे ना" म्हणून.

गूळ राहू द्या, पण शेंगदाणे का सोडायचे? मी त्यांच्यासमोर बसून यादी केली. भाकर दोन वेळा पूर्ण, अर्धी नाही. सोबत वरण घट्ट, पाणीदार नाही. मोड आलेले मूग-मटकी, शेंगदाण्याची चटणी, दही, अंडी चालत असतील तर रोज दोन. भात पूर्ण बंद नाही, वाटीभर आणि डाळीबरोबर. टीबी रुग्णाच्या जेवणासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० रुपये झालेत, ते अंडी आणि डाळीवर घालवा म्हटलं. मुलगा तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, त्या पैशातून ते अँटिऑक्सिडंटचं पावडर आणतो, डबा ८५० चा आहे." मला रडू यायचं बाकी होतं.

प्रयोगशाळेतून

@एसटीएस_विदर्भ, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. माझ्या सगळ्या रसायनशास्त्रापेक्षा तुमची यादी जास्त कामाची आहे.

आणि ती यादीच अँटिऑक्सिडंट आहे. ग्लुटाथायोन शरीर स्वतः बनवतं, तीन अमिनो आम्लांपासून. ती येतात डाळ, अंडी, दूध, मासे यांतल्या प्रथिनांतून. प्रथिनंच पोटात गेली नाहीत तर ग्लुटाथायोन बनणार कशाचं?

अन्नाने काय होतं याचा आपल्याच देशातला पुरावा आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या रेशन्स अभ्यासात टीबी रुग्णांना दरमहा दहा किलोचा शिधा दिला, त्यांच्या घरच्यांपैकी एका गटालाही तांदूळ-डाळ दिली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांना शिधा मिळाला तिथे इतरांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका निम्म्याहूनही कमी दिसला. ३८ किलोच्या बाईंसाठी ५ टक्के म्हणजे दोन किलोसुद्धा नाही. डाळ-तांदळाने साधलेलं हे यश आहे आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

याउलट व्हिटॅमिन-खनिजांच्या जादा डोसाबद्दल कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. रोजच्या गरजेपेक्षा जास्त दिल्याने टीबी रुग्णाला ठोस फायदा होतो असा विश्वासार्ह पुरावा त्यांना सापडला नाही.

दुकान_नाक्यावरचं

मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. लोक मागतात म्हणून आम्ही देतो, आणि सगळंच थोतांड नाही. व्हिटॅमिन सी टीबीचा जंतू मारतं असं संशोधन आहे ना? चांगल्या नियतकालिकात आलेलं आहे. ग्लुटाथायोन रुग्णांत कमी असतं हेही तुम्हीच म्हणताय. मग बाहेरून दिलं तर बिघडलं कुठे? आमच्या शहरात एके ठिकाणी टीबीच्या रुग्णांना ग्लुटाथायोनचं सलाइनही लावतात.

प्रयोगशाळेतून

@दुकान_नाक्यावरचं, प्रश्न रास्त आहे.

व्हिटॅमिन सी चं संशोधन २०१३ चं, न्यूयॉर्कमधलं. नळीत वाढवलेले जंतू व्हिटॅमिन सी ने भराभर मेले, हे खरं. पण कसे मेले ते वाचलं की सगळा उजेड पडतो. एवढ्या मोठ्या प्रमाणात व्हिटॅमिन सी जंतूतल्या लोहाशी जुळून फेंटन अभिक्रिया घडवतं आणि तिच्यातून जहाल ऑक्सिडंट तयार होतात. ते जंतूला मारतात. म्हणजे तिथे व्हिटॅमिन सी ने ऑक्सिडेशन वाढवून जंतू मारला. अँटिऑक्सिडंट म्हणून विकलेल्या गोळीला या अभ्यासाचा दाखला देणं म्हणजे अभ्यास उलटा वाचणं. आणि गोळी गिळून ती मात्रा फुप्फुसातल्या गाठीपर्यंत पोहोचत नाही, आतडं ठरावीक मर्यादेपुढे ते शोषतच नाही. पेरू, आवळा, लिंबू जरूर खावं, अन्न म्हणून. शुगर असली तरी एक पेरू चालतो. आणखी एक, व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसाने काही ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवतात. शुगरच्या रुग्णाला हे कोण सांगतं?

ग्लुटाथायोनचं म्हणाल, तर ते कमी असणं आणि बाहेरून दिल्याने रुग्ण बरा होणं यांच्यात मोठी दरी आहे. ती दरी रुग्णांवरच्या चाचण्यांनीच भरून निघते. एन-अॅसिटिलसिस्टीन, जे शरीरात ग्लुटाथायोन वाढवतं, त्याची चाचणी दक्षिण आफ्रिकेत टीबीच्या औषधांनी यकृत बिघडलेल्या रुग्णांवर झाली. यकृताचे आकडे उतरायला लागणारा वेळ कमी झाला नाही, रुग्णालयातला मुक्काम मात्र घटला. एवढ्यावरून प्रत्येक टीबी रुग्णाला ते द्या असं म्हणता येत नाही, आणि त्या चाचणीतले रुग्ण रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. पुढचं संशोधन चालू आहे आणि मला त्यातून आशाही आहे. पण सलाइन लावून पैसे घेणारे त्या निकालांची वाट पाहत नाहीयेत, याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या दुकानात टीबी आणि शुगर दोन्हींची औषधं एकत्र घेणारा रुग्ण आला तर एक विचाराल का, की शेवटची शुगर कधी तपासली? तुमचं लोक ऐकतात.

दुकान_नाक्यावरचं

विचारतो. फेंटनचं ठाऊक नव्हतं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर सवलत देता येईल का ते बघतो.

रानजाई

मेटफॉर्मिनबद्दल वाचलं होतं की ते टीबीवरही काम करतं. मग ज्यांना शुगर नाही त्यांनाही देतात का?

प्रयोगशाळेतून

@रानजाई, नाही. २०१४ मध्ये सिंगापूरच्या गटाने दाखवलं की मेटफॉर्मिनमुळे मॅक्रोफेजच्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजनचे जहाल रेणू वाढतात आणि आतला जंतू आवरला जातो. पुन्हा तेच बघा, योग्य जागी ऑक्सिडेशन वाढलं तर फायदा! मग चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने शुगर नसलेल्या टीबी रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर मेटफॉर्मिन देऊन पाहिलं. दाह थोडा कमी झाला, पण थुंकीतून जंतू लवकर गेले नाहीत. शुगर असलेल्यांना ते शुगरसाठी दिलं जातं, आणि ते चांगलं औषध आहे.

दुसरा_श्वास

मी यातून गेलेला आहे. शुगर आधीपासून, टीबी नंतर. अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिसऱ्या महिन्यात तळपायांना मुंग्या आणि जळजळ सुरू झाली. मी समजलो शुगरचं आहे, चालायचंच. निक्षयवाल्या ताईंनी खोदून विचारलं म्हणून बाहेर आलं. आयसोनियाझिडने बी६ कमी होतं आणि शुगरवाल्यांच्या नसा आधीच नाजूक, म्हणून पायरिडॉक्सिनची गोळी बरोबर द्यायची असते. माझ्या पट्टीत ती होती, पण "ही व्हिटॅमिनची, हिचं काय एवढं" म्हणून मीच खात नव्हतो. सुरू केल्यावर हळूहळू उतरलं. पूर्ण गेलं नाही.

बिडी सोडली, तेही लिहितो. ती सोडणं सगळ्यात अवघड गेलं.

प्रयोगशाळेतून

@दुसरा_श्वास, मनापासून आभार. सगळ्या कॅप्सूलमध्ये या रुग्णांना खरी गरज असलेलं व्हिटॅमिन हेच, काही रुपयांत येतं, आणि तेच टाकून दिलं जातं. बिडीच्या धुरातून ऑक्सिडंट थेट फुप्फुसात जातात, त्यामुळे ती सोडून तुम्ही जे केलंत ते कुठल्याही गोळीने झालं नसतं.

तुमच्यावरून आठवलं, डोळेही तपासून घ्यायचे. इथॅम्ब्युटॉलने क्वचित डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो, लाल-हिरव्यात फरक कळेनासा होतो. शुगरने पडद्यावर परिणाम होतो तो वेगळा. धूसर दिसायला लागलं तर "चष्म्याचा नंबर बदलला असेल" म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

एसटीएस_विदर्भ

+१. आणि शुगरवाल्यांनी दोन महिन्यांनंतरची थुंकीची तपासणी चुकवू नका. त्यांच्यात जंतू जायला वेळ लागतो, आजार उलटण्याची शक्यता पण जास्त असते.

गोदाकाठ

सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "म्हणजे मी बरोबरच होतो," म्हणाले आणि गोळी घेतली. डॉक्टरांनी आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन दिलंय. दिरांना अंडी आणायला सांगितलं आहे. एक शेवटचं विचारते, सहा महिने संपले की मग हे वाढवलेले डोस तसेच चालू ठेवायचे का?

प्रयोगशाळेतून

@गोदाकाठ, हा प्रश्न फार महत्त्वाचा आणि सहसा कुणी विचारत नाही. रिफाम्पिसिन बंद झालं की यकृतातली एन्झाइमं साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होतात. शुगरच्या गोळ्या पुन्हा जास्त वेळ शरीरात राहायला लागतात आणि दाहही गेलेला असतो. वाढवलेला डोस तसाच राहिला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, वयस्कर माणसात ते जास्त धोक्याचं. म्हणून टीबीची शेवटची पट्टी संपायच्या आधीच शुगरच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. पुढचे दोन-तीन आठवडे घरी वरचेवर शुगर तपासा. दरदरून घाम, हाताला कंप, गोंधळल्यासारखं बोलणं असं काही दिसलं तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, मग शुगर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. टीबीसाठी पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावतील, तेव्हा त्यांना घेऊन जा.